आधार देणारे स्वयंसेवक तयार करताना: निवड, सराव, सहा भेटी

नैराश्य आणि चिंता यांत पहिला हात द्यायला दरवेळी डॉक्टरच लागतो असं नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण नीट तयार केलेली स्थानिक माणसं बसवली. त्यांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या, एकेक भेट 30 ते 40 मिनिटांची. तीन महिन्यांनी तपासलं, तर फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा ही मंडळी जास्त सावरलेली होती. झिम्बाब्वेत हरारेमध्ये 2006 पासून दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसून आज्या हेच काम करतात. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात 2013 साली सुरू झालेल्या ‘आत्मीयता’ उपक्रमातही गावातलीच माणसं गावाला आधार देतात.

‘संगाथ’च्या कामात प्रशिक्षणानंतर दर आठवड्याला देखरेखीची बैठक होत असे, आणि आमच्या मते सगळं त्यावरच उभं आहे. ती बैठक वर्षभर चालवायची तयारी नसेल, तर गट सुरूच करू नका. शिबिर घेणं सोपं असतं. चौथ्या महिन्यात स्वयंसेवकाला ‘आता पुढे काय बोलू?’ असा प्रश्न पडतो, तेव्हा विचारायला कोणीतरी हवं.

कोणाला घ्यायचं

गावात किंवा सोसायटीत लोक आधीपासूनच ज्यांच्यापाशी मन मोकळं करतात, ती माणसं शोधा. बचत गटातली एखादी ताई, निवृत्त शिक्षक, किराणा दुकानदार. भाषणं चांगली देणारा बहुतेक वेळा इथे उपयोगी पडत नाही, कारण त्याला गप्प बसवत नाही. निवडीच्या वेळी दहा मिनिटांचं संभाषण करून घ्या आणि उमेदवार किती वेळ बोलला ते घड्याळ लावून मोजा. सहा मिनिटांच्या वर बोलला, तर सध्या थांबवा. घरात नुकताच मृत्यू झालेला, किंवा स्वतः उपचार सुरू करून जेमतेम महिना-दोन महिने झालेला माणूस कितीही इच्छुक असला तरी पुढच्या तुकडीत घ्या. पक्षाचे कार्यकर्ते, सावकारी करणारे आणि पॉलिसी विकणारे घेऊ नका. त्यांच्यापाशी कोणी खरं बोलणार नाही.

एका तुकडीत 12 ते 15 जण पुरे. सराव तिघांच्या गटात होतो, त्यामुळे 12 किंवा 15 हेच आकडे सोयीचे.

प्रशिक्षण: निम्म्याहून जास्त वेळ सराव

समोरासमोर असेल तर सलग पाच दिवस. ऑनलाइन असेल तर दोन-दोन तासांची दहा सत्रं, आठवड्यातून दोन. ऑनलाइन चार तासांचं सत्र ठेवलं, की दुसऱ्या तासाला कॅमेरे बंद होतात आणि लोक स्वयंपाकाला लागतात.

दर सत्रात वीस मिनिटं माहिती, बाकीचा वेळ सराव. तिघांपैकी एक बोलणारा, एक ऐकणारा, एक निरीक्षक. दहा मिनिटं संभाषण, पाच मिनिटं निरीक्षकाचं म्हणणं, मग अदलाबदल. निरीक्षकाने चारच गोष्टी टिपायच्या: सल्ला किती वेळा दिला, मध्येच किती वेळा तोडलं, समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत किती वेळा परत सांगितलं, आणि शांतता किती वेळ सहन केली. सरावासाठी स्वतःच्या आयुष्यातली जखम वापरायची नाही, तयार प्रसंगच द्यायचे. नाहीतर सत्र मध्येच फुटतं.

सुरुवातीला सगळेच सल्ल्यावर घसरतात. समजा, बोलणारा म्हणतो, ‘रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही.’ ऐकणारा पटकन म्हणतो, ‘झोपताना कोमट दूध घेत जा, दादा.’ संभाषण तिथेच संपलं. तेच ‘दोनपर्यंत जागे असता, तेव्हा डोक्यात काय चाललेलं असतं?’ असं विचारलं, की पाचेक सेकंद शांतता पसरते आणि मग कर्जाचा, पोरीच्या लग्नाचा विषय निघतो. ही पाच सेकंदं गिळायला शिकवणं हेच प्रशिक्षणाचं मुख्य काम. ‘सकारात्मक विचार करा’, ‘तुमच्यापेक्षा वाईट अवस्था किती जणांची आहे’, ‘देवावर सोडा’ ही वाक्यं पहिल्या दिवशी फळ्यावर लिहा आणि बंद करा. ऐकणाऱ्याला त्यातून ‘तुझं दुःख मला नको’ एवढंच कळतं.

सहा भेटी

पहिल्या भेटीत पीएचक्यू-9 ही नैराश्य किती आहे ते मोजणारी प्रश्नावली विचारा. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. पाचपासून सौम्य, 10 पासून मध्यम, 15 पासून मध्यम-तीव्र, 20 पासून तीव्र. हे निदान नाही, मोजपट्टी आहे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याहून जास्त काहीही आलं, तर बाकीची भेट बाजूला ठेवून खाली दिलेल्या जोखमीच्या पायऱ्या घ्या. थकवा, वजनातले बदल, धडधड असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगा. रक्त कमी असलं तरी माणूस असाच मरगळलेला दिसतो.

दुसऱ्या भेटीपासून काम मनःस्थिती आणि कृती यांच्या नात्यावर. उदास माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडतो: देवळात जाणं, भजनी मंडळ, शेजारणीशी गप्पा, अंघोळसुद्धा. जितकं सोडतो तितकं आणखी उदास वाटतं. म्हणून ‘बरं वाटलं की करीन’ याची वाट न बघता आधी कृती करायची. आठवड्याचा तक्ता काढा: सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि प्रत्येक चौकटीत काय केलं व 0 ते 10 मध्ये कसं वाटलं. मग एकच कृती ठरवा, तीही आत्ताच्या ताकदीच्या निम्मी. ‘रोज चालायला जाईन’ हे चुकीचं. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी चहानंतर, चप्पल घालून बोअरवेलपर्यंत जाऊन येईन’ हे बरोबर, कारण त्यात वार, वेळ आणि अंतर आहे. जमलं नाही, तर दोष माणसाचा नाही, कृती मोठी झाली. निम्मी करा.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत अडचणींची यादी करून तीन ढीग पाडा: सुटण्यासारख्या, आपल्या हातात नसलेल्या, फारशा महत्त्वाच्या नसलेल्या. पहिल्या ढिगातली एकच उचला. चार-पाच मार्ग सुचवायचे ते त्या माणसाने. स्वयंसेवकाने ‘आणखी काय करता येईल?’ एवढंच विचारत राहायचं. पुष्कळदा अडचण मनाची नसतेच: विधवा निवृत्तिवेतनाचा अर्ज अडकलेला असतो, शिधापत्रिकेत नाव नसतं. अशा वेळी तलाठ्याकडे सोबत जाणं हाही आधारच.

पाचव्या भेटीत श्वास: नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. गरगरलं तर मोठा श्वास घेतला जातोय; श्वास लहान करा, मोजणी तीच ठेवा. सहावी भेट निरोपाची. त्रास परत येऊ लागला तर सगळ्यात आधी काय बिघडतं (कोणाची झोप, कोणाचं जेवण) ते कागदावर लिहून घ्या, आणि महिन्याने व तीन महिन्यांनी फोन ठरवा.

चौथ्या भेटीपर्यंत पीएचक्यू-9 चे गुण कमी झाले नाहीत, तर डॉक्टरांकडे पाठवा. औषध चालू असेल, तर ते बंद करायचा सल्ला स्वयंसेवकाने कधीही देऊ नये. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि लोक आठव्या दिवशी सोडतात. एवढं सांगितलं तरी मोठं काम होतं.

फोनवर आणि ऑनलाइन

नुसतं साहित्य पाठवून ‘हे बघा’ म्हटलं, तर बहुतेक जण अर्ध्यात सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेने लेबनॉनमध्ये वापरलेल्या ऑनलाइन स्वमदत कार्यक्रमात पाच सत्रं होती आणि सोबत दर आठवड्याला सुमारे 15 मिनिटं प्रशिक्षित मदतनीसाचा संपर्क. हेच प्रमाण धरा. आठवड्याला तीन-चार मिनिटांची एक ध्वनिफीत, त्यात एकच कृती, आणि ठरल्या वेळी एक फोन. वाचायची सवय नसलेल्यांना मजकुरापेक्षा व्हॉइस नोट बरी.

घरात एकच फोन असतो, हे गृहीत धरा. प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला विचारा: आत्ता बोलता येईल का, जवळ कोणी आहे का, कुठे बसलात? जागा कळलेली असली, की अडचणीच्या वेळी मदत पाठवता येते. ‘भाजीचं नंतर सांगते’ असं एखादं वाक्य ठरवून ठेवा, म्हणजे कोणी आलं की विषय बदलायचा. कॉल तुटला तर फोन स्वयंसेवकानेच लावायचा, पाच मिनिटांच्या आत. मदत घेणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट मात्र कधीच करू नका. तिथे नंबर दिसतात, आणि गावात नंबरावरून घर कळतं.

जीवाला धोका असेल तेव्हा

सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट विचारणारा भेटला याचा दिलासा मिळतो. मग क्रमाने: किती वेळा, काही ठरवलंय का, कधी, साधन हाताशी आहे का. ठरवलेलं असेल, तर एकटं सोडू नका, घरच्या विश्वासातल्या माणसाला बोलवा, फवारणीची औषधं आणि गोळ्या दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायला लावा, आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416, मराठीतही बोलता येतं, तातडीत 112. दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 115 नुसार, उलट सिद्ध झालं नाही तर, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि त्यासाठी तिला शिक्षा होत नाही. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणाऱ्या घरांना हे सांगा.

आवाज ऐकू येणं, टोकाचा संशय, अनेक रात्री न झोपताही प्रचंड उत्साह, बाळंतपणानंतरचा गोंधळ, दारू अचानक सोडल्यावर हात थरथरणं किंवा फिट: यांत भेटी चालवत बसू नका, थेट डॉक्टरांकडे पाठवा. आणि ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. पहिल्याच भेटीत ही मर्यादा सांगून टाका.

देखरेख

पाच-सहा स्वयंसेवक, आठवड्यातून एकदा, दीड तास. संमतीने केलेलं एक ध्वनिमुद्रण सगळ्यांनी ऐकायचं आणि प्रशिक्षणातल्याच चार गोष्टींवर प्रत्येकाने आधी कागदावर मत लिहायचं, मग बोलायचं. आधी लिहून न घेतल्यास सगळे पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे जातात. महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हजर हवेत. जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूला आधीच भेटून ठेवा. सुरुवातीला एका स्वयंसेवकाकडे एका वेळी तीनच माणसं द्या. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांकांची यादी वेगळ्या कपाटात. कोणी सलग दोन बैठका चुकवल्या, तर त्याला नवीन माणूस न देता आधी त्याच्याच घरी जाऊन तो कसा आहे ते विचारा.