कॅम्पिंग ट्रेलर घरच्या प्लगला लावताना या चुका टाळा

नागपुरात करंट काय असतो ते शिकायला शाळेत जावं लागत नाही, घरचा कूलर पुरतो. ओल्या पायांनी टाकी भरताना पत्र्याला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या, असं एकदा तरी झालेलं असतंच. कॅम्पिंग ट्रेलर म्हणजे विजेच्या हिशेबात चाकांवरचा कूलर. बाहेरून पत्रा, आत पाण्याची टाकी आणि खाली रबर. टायरमुळे त्याचा जमिनीशी संबंध तुटलेला असतो. घरातून जी केबल जाते, तिच्यातली हिरवी तार हीच त्याची अर्थिंग.

गेल्या मे महिन्यात मनीषनगरातल्या माझ्या एका मित्राने पेंचला निघायच्या आदल्या रात्री ट्रेलर फाटकाजवळ लावला आणि फ्रिज गार व्हावा म्हणून हॉलमधून वायर ओढली. सकाळी पोरगा पाइप घेऊन टायर धुवायला लागला. "बाबा, दाराले हात लावला का झिणझिण होऊन राहिलं." बाप आत बसून चहा पीत होता. "मले तर काही होऊन नाही राहिलं," असं म्हणून त्याने विषय संपवला.

दोघंही खरं बोलत होते. आत बसलेल्याच्या हाताखाली आणि पायाखाली एकच पत्रा, मग करंट जाणार कुठे? पोराचा हात पत्र्यावर होता आणि पाय चिखलात. आम्ही एक्सटेंशन बोर्ड उघडला, तर वायर दोनच तारांची निघाली. प्लगला वरची जाड पिन होती, बोर्डाला तिसरं छिद्र होतं, पण आतल्या पितळी पट्टीला काहीच जोडलेलं नव्हतं. बाजारात असे बोर्ड भरपूर मिळतात आणि बाहेरून काही कळत नाही. फ्रिज, चार्जर, इन्व्हर्टर यांच्यातून थोडीशी गळती होतच असते. ती हिरव्या तारेने जायची, ती पोराच्या अंगातून गेली. एवढ्या झिणझिणीने सहसा जीव जात नाही. पण त्याच दिवशी गिझरची कॉइल फुटली असती, तर?

"एमसीबी आहे ना" हे उत्तर मला नेहमी मिळतं. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच. तो तारेला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १६,००० मिलिअँपिअरपर्यंत गप्प बसतो, आणि अंगातून ३० मिलिअँपिअरच्या वर करंट गेला की हृदयाला धोका सुरू होतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, म्हणजे तेवढी गळती झाली की पडणारा स्विच. जुने इलेक्ट्रिशियन त्याला ईएलसीबीच म्हणतात. ज्या प्लगवरून ट्रेलर लावता त्या लाइनवर तो हवा. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर पडला नाही तर बदलायचा.

आता अर्थिंगचा खड्डा, म्हणजे घराची हिरवी तार जिथे जमिनीत उतरते ती जागा. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात सुकून भेगाळते आणि खड्ड्याचा रोध वाढतो. समजा तो ५० ओहम झाला. ट्रेलरमध्ये फेजची, म्हणजे करंट आणणारी तार पत्र्याला टेकली, तर २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर जमिनीत जातील. १६ चा एमसीबी पडणार नाही, पत्रा तसाच जिवंत राहील. आरसीसीबी मात्र तिथल्या तिथे पडेल. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकत राहा आणि वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनकडून अर्थ मोजून घ्या. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून घरीच बघायच्या भानगडीत पडू नका. अर्थ तुटलेला असेल तर बल्बातून आलेला करंट घरभरच्या लोखंडी वस्तूंवर चढतो.

पुढची चूक वायरच्या रिळाची. ट्रेलरमध्ये एसी आणि इंडक्शन एकदम चालवलं की सहज १३ अँपिअर होतात. मोबाइल-टीव्हीची ०.७५ स्क्वेअर एमएमची २५ मीटर वायर असेल, तर जाऊन-येऊन ५० मीटर तांबं, रोध सुमारे १.३ ओहम. म्हणजे १७ व्होल्ट वाटेतच गेले आणि जवळपास २२० वॉट उष्णता वायरमध्ये तयार झाली. वायर जमिनीवर पसरलेली असेल तर ती उष्णता हवेत जाते. रिळावर गुंडाळलेलीच ठेवली तर सगळी एका जागी साठते, आणि बाहेर ४५ अंश असताना आधीच तापलेलं प्लॅस्टिक वितळायला वेळ लागत नाही. तीन तारांची, २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या आणि रीळ पूर्ण सोडा. ६ अँपिअरच्या छोट्या प्लगला ॲडॉप्टर लावून एसी चालवू नका. १६ चा पॉवर प्लग घ्या, आणि तासाभराने प्लग काढून त्याची पिन किती तापली ते बघा.

फेज आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) उलट असणं घरात फारसं कळत नाही, ट्रेलरमध्ये महागात पडतं. एकाच तारेवरचा एमसीबी बंद केला तर न्यूट्रल तुटतो, फेज आत तशीच राहते. सॉकेटकडे तोंड करून, जाड छिद्र वर धरलं तर फेज उजवीकडे हवी. ट्रेलरमध्ये दोन्ही तारा तोडणारा डीपी (डबल पोल) स्विच बसवून घ्या.

लाइट गेले म्हणून ट्रेलरच्या जनरेटरवरून घर चालवायला दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर कोणी करून दिली, तर ती तिथेच कापा. तिचं एक टोक भिंतीत असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. आणि मेन स्विच बंद करायचा राहिला, तर हा करंट उलटा खांबावर जातो, जिथे लाइनमन काम करत असतो.

ट्रेलर लावताच आरसीसीबी पडतो? त्याला शिव्या देऊन काढून टाकणारे मी पाहिलेत. आधी ट्रेलरमधलं सगळं बंद करा आणि एकेक चालू करा. बहुतेकदा गिझर निघतो. सगळं बंद असूनही पडत असेल, तर जनरेटरसाठी ट्रेलरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले असू शकतात, ते घरच्या लाइनवर चालत नाही. तो जोड इलेक्ट्रिशियनला सोडवू द्या. पावसाळ्यात पडत असेल तर ट्रेलरच्या बाहेरचा, केबल लावायचा निळा सॉकेट उघडून बघा. मित्राच्या सॉकेटात मागच्या जूनमध्ये मुंग्यांनी घर केलं होतं, आणि त्यात चमचाभर पाणी.