लाइव्हचं बटण दाबण्याआधी स्टेटसचा पत्ता बघा

डिजिटल सर्टिफिकेटं टेस्ट मोडमधून लाइव्हवर नेताना लोगो, प्राचार्यांची सही, नावांचं स्पेलिंग बघाच, त्यावर जास्त बोलत नाही. नावं मराठीत असतील तर पीडीएफमध्ये ‘ज्योत्स्ना’सारखी जोडाक्षरं फुटत नाहीत ना, एवढं डोळ्यांनी वाचा.

आता मुद्द्याचं. रद्द करता येणाऱ्या सर्टिफिकेटच्या आत ‘क्रेडेन्शियल स्टेटस’ नावाचा भाग असतो. सर्टिफिकेट रद्द झालंय का, हे पडताळणारा तिथल्या वेब-पत्त्यावर जाऊन बघतो. आमच्याकडे तो पत्ता टेम्प्लेटमध्ये होता. वरचा स्विच लाइव्हवर नेला, सही करायची गुप्त किल्ली, म्हणजे ‘की’, बदलली, डोमेन बदललं, पत्ता मात्र टेस्ट सर्व्हरचाच राहिला. नंतर दुरुस्ती नाही, कारण सर्टिफिकेटवरची डिजिटल सही त्या पत्त्यासकट झालेली असते. एक अक्षर हलवलं तरी सही मोडते. मग सगळी बॅच पुन्हा द्या, आणि ज्या पोरांनी आधीचं सर्टिफिकेट कंपनीत पाठवलंय त्यांचे फोन घ्या. म्हणून एकच नमुना लाइव्ह कीने सही करा, त्याची फाईल उघडा आणि पत्ता वाचा. टेम्प्लेटमधला नको, सही झालेल्या फाईलमधला!

ऑफिसात हिरवी टिक आली म्हणून निर्धास्त राहू नका. ऑफिसच्या नेटवरून टेस्ट सर्व्हर दिसणारच. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पडताळा.

त्या पत्त्यावर असते ती रद्द-यादी; तिच्यात प्रत्येक सर्टिफिकेटची एक जागा असते. टेस्टची रद्द-यादी कॉपी करून लाइव्हला लावू नका. तिच्यात ज्या जागा रद्द करून बघितल्या त्या रद्दच राहतात, आणि त्या जागा नेमक्या खऱ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतात. नवी कोरी यादी करा; डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत किमान १,३१,०७२ जागा असतात, काटकसर कशाला?

कीसुद्धा वेगळी हवी. टेस्टची की सगळ्यांच्या लॅपटॉपवर फिरलेली असते. डीआयडी-वेब (संस्थेची ओळख तिच्या वेब-डोमेनला बांधायची पद्धत) वापरत असाल तर सही तपासायची सार्वजनिक की तुमच्या डोमेनवरून वाचली जाते, म्हणजे डोमेनचं नूतनीकरण हुकलं की जुनी सर्टिफिकेटंही पडताळता येत नाहीत. नूतनीकरणाची आठवण सोडून गेलेल्या माणसाच्या मेलवर जात नाही ना, बघा. स्टेटसचा पत्ताही याच डोमेनवर आहे ना? हो, परत तेच विचारतोय.

तारीख बहुतेक वेळा यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, साठवली जाते. १ मेच्या रात्री बाराची वेळ तिथे ३० एप्रिल, संध्याकाळी साडेसहा अशी पडते. दुपारची वेळ द्या, भानगड मिटली.

मेल: टेस्टमध्ये खऱ्या विद्यार्थ्यांचे पत्ते चढवू नका. लाइव्हवर आधी एक, मग पाच, मग बाकीचे. पहिलं रद्द करून बघा. त्या पाचही फाईलींत स्टेटसचा पत्ता वाचा. कीचा बॅकअप. आणि शुक्रवारी संध्याकाळी काही पाठवू नका, सोमवारपर्यंत फोन उचलायला कुणी नसतं.