महाबळेश्वरचा आठवडा दुसऱ्याला देण्याआधी

सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की फोन सुरू होतात, "काका, तुमचा महाबळेश्वरचा आठवडा यंदा मोकळा आहे का?" ज्या वर्षी आम्हाला जायला जमत नाही, त्या वर्षी आमचा टाइमशेअरचा आठवडा, म्हणजे रिसॉर्टच्या मेंबरशिपवर दरवर्षी मिळणारा मुक्कामाचा हक्काचा आठवडा, मी भाड्याने देतो. पैसे मोजणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, आणि म्हणूनच तयारी जास्त लागते. ओळखीत 'लिहून द्या' म्हणायला जीभ रेटत नाही.

सगळ्यात आधी मेंबरशिपचा करार काढून वाचा. बऱ्याच कंपन्या पाहुणा पाठवू देतात, पण त्याच्याकडून भाडं घेऊ देत नाहीत. दोन्ही कलमं वेगळी असतात, दोन्ही पाहा. आरसीआयसारख्या, मेंबरांचे आठवडे आपसात बदलून देणाऱ्या कंपनीकडून अदलाबदलीत मिळालेला आठवडा तर भाड्याने देऊच नका, तिथे ते नियमाविरुद्ध आहे. मनाई असेल तर विषय तिथेच संपवा. लहान मुलं घेऊन सात-आठ तास गाडीत बसून गेलेल्या कुटुंबाला रिसेप्शनवरून परत फिरावं लागलं, तर ते पाप आपलं.

परवानगी असेल तर वर्षाचा मेंटेनन्स भरून टाका. थकबाकी असली की बुकिंग अडतं. कन्फर्मेशन हातात आल्याशिवाय कुणाकडूनही एक रुपया घेऊ नका. खोली किती माणसांची, वीज-पाण्याचे वेगळे पैसे लागतात का, जेवण धरलंय का, हे रिसॉर्टला फोन करून विचारा आणि समोरच्याला लिहून पाठवा.

आता पैशांचं. चार वर्षांपूर्वी दिवाळीचा आठवडा मी एका परिचितांना नुसत्या शब्दावर दिला. निघायच्या दोन दिवस आधी त्यांनी रद्द केलं. ठरलेलं काहीच नव्हतं, म्हणून मी सगळी रक्कम परत केली. आठवडाही वाया गेला आणि भरलेला मेंटेनन्सही. त्यांची चूक नव्हती, घरात आजारपण होतं. पण नुकसान कुणी किती सोसायचं हे आधी बोललो असतो, तर दोघांच्याही मनात आज जी अढी आहे ती राहिली नसती. तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे: ठरलं की इसार म्हणून पाव रक्कम, एक महिना आधी उरलेली सगळी, आणि ती खात्यात दिसल्यावरच रिसॉर्टवर दाखवायचं पाहुण्याच्या नावाचं पत्र. जायला महिन्याहून कमी दिवस उरले असताना रद्द केलं तर इसार परत नाही. शेवटच्या आठवड्यात रद्द केलं तर काहीच परत नाही, मात्र त्यांनी त्यांच्या जागी दुसरं कुटुंब पाठवलं तर माझी हरकत नाही. आणि बुकिंग माझ्या किंवा रिसॉर्टच्या बाजूने मोडलं तर पै न पै परत. हे शेवटचं वाक्य स्वतःहून घाला, समोरच्याचा विश्वास त्यानेच बसतो.

पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने घ्या. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खातं उघडून बघा. अनोळखी माणूस 'हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील' म्हणाला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. चेक घेतलाच तर वटेपर्यंत पत्र देऊ नका. चेक न वटल्यास १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ आहे खरं, पण एका आठवड्याच्या भाड्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार?

करारासाठी घरभाड्याचा अकरा महिन्यांचा छापील नमुना वापरू नका, त्यातलं निम्मं इथे लागूच पडत नाही. साध्या मराठीत एक पान पुरतं: दोघांची नावं, रिसॉर्ट, खोलीचा प्रकार, येण्या-जाण्याची तारीख आणि वेळ, माणसं किती, रक्कम, हप्ते, रद्द करण्याच्या अटी, मोडतोडीची जबाबदारी. दोघांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत. ओळखपत्र घ्याल तेव्हा आधारचे शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत मागा.

डिपॉझिट वेगळं घ्या, भाड्यात मिसळू नका. मोडतोडीचं किंवा न भरलेलं बिल रिसॉर्ट शेवटी मेंबरच्याच नावावर टाकतं. मिळालेलं भाडं रिटर्नमध्ये दाखवायचं असतं, तेव्हा पावतीची प्रत फाइलला लावून ठेवा.

पाहुणे पोचायच्या दिवशी फोन सुरू ठेवा, सकाळीच रिसेप्शनला त्यांचं नाव पुन्हा सांगा. ते निघाले की बिल मागवून घ्या आणि त्याच संध्याकाळी डिपॉझिट परत पाठवा.