ट्रेनरच्या नोंदींतून भावातली चूक कशी शोधायची: महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतींसाठी

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या बुकी रिंगमध्ये, म्हणजे बुकी घोड्यांवर भाव देतात त्या जागेत, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट भावात आधीच धरलेली असते. नामवंत ट्रेनर (घोडे शर्यतीसाठी तयार करणारे) पेसी श्रॉफ यांच्या तबेल्यातून चांगले घोडे येतात हे कळायला वही लागत नाही, म्हणूनच त्या माहितीचे पैसे मिळत नाहीत. नोंदी ठेवायच्या त्या वेगळ्या प्रश्नासाठी: कोणता ट्रेनर, कोणत्या परिस्थितीत, बाजाराला वाटतं त्याहून जास्त वेळा जिंकतो?

रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचे निकाल घ्या. पावसाळ्यातला पुण्याचा सीझन आणि थंडीत सुरू होणारा मुंबईचा, असे किमान तीन वर्षांचे. एका ओळीत एक घोडा, आणि शर्यतीत पळालेला प्रत्येक घोडा. फक्त जिंकलेले लिहिले तर भागायला आकडाच उरत नाही; बहुतेक वह्या इथेच निकामी होतात. स्क्रॅच झालेले, म्हणजे शर्यतीआधी माघार घेतलेले घोडे मात्र धरू नका. रकाने असे ठेवा: तारीख, केंद्र, क्लास (शर्यतीची पातळी), अंतर, घोडा, वय, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचं वजन, किती घोडे पळाले, कितवा आला, शेवटचा भाव, मागच्या धावेला किती दिवस झाले, मागचा क्लास, मागचं अंतर, मागचा जॉकी, ब्लिंकर्ससारखा (डोळ्यांच्या बाजूची झापडं) साज बदलला का. क्रमांक लिहिताना ऑब्जेक्शनचा (निकालावरच्या हरकतीचा) निर्णय झाल्यानंतरचा पक्का निकालच घ्या.

आता भावातून अपेक्षा काढायची. 1 रुपयाला 3 रुपये नफा असा भाव असेल तर शक्यता 1 भागिले 4, म्हणजे 25 टक्के. शर्यतीतल्या सगळ्या घोड्यांच्या अशा शक्यता मिळवल्या की बेरीज 100 च्या वर जाते, कारण बुकीचा वाटा त्यात असतो. बेरीज 125 आली असेल तर 25 ला 1.25 ने भागा. खरी अपेक्षा 20 टक्के उरते. ट्रेनरच्या सगळ्या धावांच्या या अपेक्षा मिळवा आणि प्रत्यक्ष विजयांना त्या बेरजेनं भागा. समजा 40 धावांत अपेक्षा 8 विजयांची होती आणि 10 आले, तर गुणोत्तर 1.25. हा आकडा साध्या स्ट्राइक रेटपेक्षा (शंभर धावांमागे किती विजय) कितीतरी प्रामाणिक आहे. ज्याचे बहुतेक घोडे फेवरिट (सर्वात कमी भावाचे) असतात त्याचा स्ट्राइक रेट आपोआप उंच दिसतो, पण गुणोत्तर 1 च्या खालीही असू शकतं.

मग परिस्थितीनुसार वाटणी करा. सर्वात जास्त हाती लागतं ते विश्रांतीनंतरच्या धावांत. काही ट्रेनर 60 दिवसांहून जास्त थांबलेला घोडा पहिल्याच धावेला पूर्ण तयार करून आणतात. काहींचा घोडा पहिल्या धावेत अंग मोकळं करतो आणि दुसऱ्या धावेत जिंकतो. दोन्ही गट वेगळे मोजा. दुसऱ्या प्रकारच्या ट्रेनरचा घोडा पहिल्या धावेत मागे पडला की लोक त्याला सोडून देतात आणि पुढच्या वेळी भाव सुटतो, म्हणजे जास्त मिळतो. पहिल्यांदाच पळणारे घोडेही स्वतंत्र ठेवा. त्यांच्यामागे धावांचा इतिहास नसतो, त्यामुळे ट्रेनरची पद्धत हाच मोठा पुरावा, आणि जोडीला मॉक रेस (सरावाची शर्यत) व सकाळच्या ट्रॅक वर्कच्या (सरावाच्या धावेच्या) वेळा. याशिवाय क्लास उतरणं, 1200 वरून 1600 मीटरला जाणं, नेहमीच्या जॉकीऐवजी तबेल्याचा पहिला जॉकी बसणं, दुसऱ्या केंद्रावरून आलेला घोडा, हे गट करून पाहा. पुणे आणि मुंबई एकत्र मिसळू नका: पावसानं मऊ झालेली पुण्याची जमीन आणि महालक्ष्मीची कोरडी जमीन यांचे निकाल वेगळे बोलतात. पेनिट्रोमीटरचा (जमीन किती मऊ ते मोजणारं साधन) आकडा मिळाला तर तोही लिहा.

खरा धोका इथून पुढे आहे. 40 धावांत 10 विजय म्हणजे 25 टक्के, पण निव्वळ योगायोगामुळे खरा दर साधारण 12 ते 38 मध्ये कुठेही असू शकतो. त्यात 30 ट्रेनर गुणिले 10 परिस्थिती, म्हणजे 300 खाने तपासले, तर काहीही दम नसताना, वीसात एक योगायोगानं चमकतो असं धरलं तरी, 15 एक खाने उगाचच चमकतील. म्हणून आधीच्या दोन सीझनमध्ये सापडलेला नमुना तिसऱ्या सीझनवर, त्याला अजिबात हात न लावता, तपासा. टिकला नाही तर खोडून टाका. आणखी एक अट लावून वाचवायला जाऊ नका. आणि त्या विजयांमागे किती वेगळे घोडे आहेत ते मोजा. दहापैकी पाच विजय एकाच घोड्याचे असतील, तर तुम्ही ट्रेनर नाही, तो घोडा मोजलात. जॉकीचंही तसंच: जॉकी बदलल्यावर नमुना विरत असेल तर श्रेय ट्रेनरचं नव्हतं. ट्रेनरनं लायसन्स सोडून तबेला सहायकाकडे दिला असेल तर नाव बदलतं, घोडे आणि पद्धत बरीचशी तीच राहते. अशा नोंदी जोडून पाहा, पण खूण करून ठेवा.

शेवटी कर, कारण बहुतेक अँगल, म्हणजे असे नमुने, इथेच मरतात. सप्टेंबर 2025 पासून रेसच्या बेटवर 40 टक्के जीएसटी आहे, आणि तो नफ्यावर नाही, लावलेल्या रकमेवर. समजा 100 च्या बेटवर 40 रुपये वरून मोजले, तर तीनच्या भावाला 400 परत येण्यासाठी 140 घातले. बरोबरीसाठी आता 25 नाही, 35 टक्के वेळा जिंकावं लागतं. वरच्या उदाहरणातला ट्रेनर 1.25 च्या गुणोत्तरानंही तोट्यातच जातो. तुमच्या बेटवर कर नेमका कसा वसूल होतो ते टोटच्या (क्लबच्या सामायिक बेटिंगच्या) खिडकीवर किंवा परवानाधारक बुकीकडे आधी विचारा आणि प्रत्येक नमुन्याचा हिशेब तो धरून पुन्हा मांडा. फोनवर कर चुकवून भाव देणारे बेकायदा आहेत. जिंकलेले पैसे बुडवले तर दाद मागायला जागा नाही.

हे सगळं पार करून दोन-तीन नमुने उरले तर पुढच्या पूर्ण सीझनभर त्यावर फक्त कागदावर बेट लिहा: शर्यतीच्या आधी, तेव्हा मिळणाऱ्या भावासकट. पैसे लावायला लागल्यावर गमावली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही अशी रक्कम बाजूला काढा आणि एका बेटवर तिच्या 1 टक्क्याहून जास्त जाऊ देऊ नका. विश्रांतीनंतरच्या पहिल्या धावेचा नमुना ओळखीचा झाला की रिंगमध्ये त्याचा भाव आधीच पडलेला दिसू लागतो; दोन महिने असं दिसलं तर तो नमुना वहीतून काढा.