डिचोलीच्या उन्हाळ्यात पहिलं ओव्हरक्लॉकिंग

आमच्या देवळाच्या उत्सवात गावातली मुलं मराठी नाटक करतात. त्याचं शूटिंग एडिट करून देण्याचं काम तीन वर्षांपासून माझ्याकडे आहे. तीन तासांचं नाटक एक्सपोर्ट व्हायला माझ्या रायझन ५ २६०० प्रोसेसरला एक तास दहा मिनिटं लागायची. नवा प्रोसेसर घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून आहे त्यालाच कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा थोडं जास्त पळवावं, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करावं असं ठरवलं.

सुरुवातीला एवढं बघून घ्या की तुमच्या मशीनवर हे होतं का. रायझनचे बहुतेक प्रोसेसर मोकळे असतात, म्हणजे त्यांचा वेग बदलता येतो, पण मदरबोर्ड ए३२० असेल तर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग होत नाही. माझा बी४५० होता, त्यावर होतं. इंटेलमध्ये साधारणपणे नावाच्या शेवटी 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेतला बोर्ड लागतो. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, तेही धरून चाला.

हिशोब सोपा आहे. बेस क्लॉक, म्हणजे मूळ ठोका, १०० मेगाहर्ट्झ. त्याला गुणणारा आकडा, म्हणजे मल्टिप्लायर, ३९ ठेवला की प्रोसेसरचा क्लॉक, म्हणजे वेग, ३.९ गिगाहर्ट्झ. मी एका व्हिडिओत बघून बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारा सेटिंगचा भाग) थेट ४२ टाकला, व्होल्टेज १.३५. सेव्ह केलं आणि स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, डिस्प्ले नाही. दहा मिनिटं माझे हात थरथरत होते. मग बोर्डाचं पुस्तक काढलं, वायर काढून बाजूचं झाकण उघडलं आणि क्लिअर सीमॉसच्या, म्हणजे बायोसची सेटिंग पुसणाऱ्या, दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडून धरल्या. मशीन पहिल्यासारखं सुरू झालं. सेटिंग पुसली जातात, बाकी काही बिघडत नाही. त्या दोन पिना कुठे आहेत हे बायोसला हात लावायच्या आधीच शोधून ठेवा.

झाकण उघडलंच होतं, म्हणून हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, बघितला. पात्यांमध्ये तांबडी धूळ थरावर थर बसली होती, ओल्या हवेने घट्ट झालेली. आमच्या भागात घर कितीही झाडा, ही धूळ येतेच. मऊ ब्रशने ती काढली, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली. काहीही न वाढवता पूर्ण काम करतानाचं तापमान सहा अंशांनी उतरलं! नवशिक्याने पहिलं काम हेच करावं असं मला मनापासून वाटतं.

मग ३७ पासून एकेक पाऊल. प्रत्येक पावलाला अर्धा तास प्राइम९५ (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) आणि शेजारी तापमानाची खिडकी. ३९ आणि १.३५ व्होल्टला आकडा ९२ अंशांवर गेला तेव्हा मी टेस्ट थांबवली. या चिपची मर्यादा ९५ आहे. मे महिना, खोलीतच ३३ अंश. थंड हवेच्या गावात बसून कुणी दिलेले आकडे इथे उपयोगाचे नाहीत. खोलीचं तापमान वाढलं की प्रोसेसरचंही जवळजवळ तेवढंच वाढतं.

इथेच मला खरी गोष्ट कळली. उष्णता क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १.३५ चा १.२५ केला तर क्लॉक तोच राहून सुमारे १४ टक्के उष्णता कमी. म्हणून क्लॉक ३.९ वरच ठेवला आणि व्होल्टेज हळूहळू उतरवत गेलो. १.२३७५ ला निळी स्क्रीन आली, १.२६२५ ला रात्रभर टेस्ट चालली, ८४ अंशांवर स्थिर. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका, बोर्ड बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त देतो. आणि प्रत्येक चिप वेगळी असते, माझे आकडे जसेच्या तसे टाकू नका.

रॅमकडेही बघा. माझी ३००० ची रॅम इतके दिवस २४०० वर चालत होती, कारण बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या ठरलेल्या वेगावर चालवणारं सेटिंग, सुरूच केलं नव्हतं. ते सुरू केल्यावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चारही फेरे पूर्ण होऊ द्या. रॅमच्या चुका गुपचूप फाइल खराब करतात, आणि नाटकाचं शूटिंग दुसऱ्यांदा होत नाही.

बायोस अपडेट पावसाळ्यात करायचंच असेल तर यूपीएसवर करा. आमच्याकडे पाऊस चढला की लाइट जाते, आणि अपडेट अर्ध्यावर तुटलं तर बोर्ड बऱ्याचदा दुरुस्तीलाच न्यावा लागतो.

आता तेच नाटक एक तास चार मिनिटांत होतं. प्रत्येक टेस्टचा क्लॉक, व्होल्टेज, खोलीचं आणि चिपचं तापमान मी वहीत लिहीत आलोय. डिसेंबरात खोली २४ अंशांवर आली की ४० लावून बघायचं आहे.