साबणाचा टीएफएम बघता, पण घटकांची यादी?

आंघोळीनंतर त्वचा ओढल्यासारखी, कोरडी वाटते तेव्हा आपण थंडीला दोष देतो. बरेचदा कारण साबण असतो. मळ आणि तेल सुटावं म्हणून त्यात जे फेस करणारे घटक असतात, ते मळाबरोबर त्वचेतला स्वतःचा स्निग्धांशही ओढून नेतात, शिवाय वरच्या थरातल्या प्रथिनांना चिकटून ती फुगवतात. त्यातून मग खाज, चरचर. त्वचेचा सामू (pH) साधारण 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, नेहमीच्या साबणाचा 9 ते 10, म्हणजे अल्कधर्मी.

पाकिटावरचा टीएफएम (टोटल फॅटी मॅटर) 76 टक्के किंवा जास्त असला की साबण पहिल्या ग्रेडचा, हे खरं. पण तो आकडा फक्त स्निग्धाम्लांचं प्रमाण सांगतो, सौम्यपणा नाही. त्यामुळे कोरड्या त्वचेसाठीच्या सिंडेट वडीचा (साबणाऐवजी सौम्य कृत्रिम फेसकांपासून बनवलेली वडी) टीएफएम कमी दिसला तर घाबरू नका, हे मी आवर्जून सांगते.

यादीत ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ सुरुवातीलाच असेल, तर हुळहुळ्या त्वचेला ते टाळा. त्वचेची संवेदनशीलता तपासायला डॉक्टर हाच घटक मुद्दाम वापरतात! ‘सोडियम लॉरेथ सल्फेट’ त्यापेक्षा सौम्य, ‘सोडियम कोकोइल आयसेथिओनेट’ आणखी बरा.

पाणी कोमट घ्या. साबण काखा, जांघा, पावलं इथे पुरेसा आहे. हातापायांना रोज चोळायची गरज नाही. अंग टिपलं की ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा.