इटलीतले किल्ले बघायला जाताय? आधी घड्याळ लावा, मग बूट

सगळ्यात आधी एक सवय घरीच ठेवून जा. आपल्याला किल्ला म्हटलं की पहाटे पायथ्याच्या गावात गाडी लावायची, टॉर्च घ्यायचा आणि सुटायचं हेच माहिती, वर गेल्यावर कोण विचारतंय. इटलीतल्या खेड्यापाड्यातला कास्तेल्लो (किल्ला) म्हणजे कुलूप असलेलं घर असतं, कुठे सरकारचं, कुठे गावच्या नगरपालिकेचं, तर कुठे अजून त्याच जुन्या घराण्याचं, आणि ते कुलूप दुपारी जेवायला जातं! मी पहिल्याच दिवशी बारा चाळीसला एका दारापुढे धापा टाकत उभी होते आणि दारावर क्यूझो, म्हणजे बंद. अडीच तास पायरीवर बसून आईने शेंगदाण्याचे लाडू वाटले आणि मी वहीत नवीन टाइमटेबल लिहिलं. तेच इथे देतेय.

मी सांगतेय ते पार्मा, पियाचेन्झा आणि रेज्जो एमिलिया या पट्ट्याबद्दल, मिलान ते बोलोन्या रेल्वेलाइनच्या दक्षिणेला जे डोंगर सुरू होतात तो भाग आणि लाइनीच्या उत्तरेची थोडी सपाटी. टस्कनीत गर्दी फार, इथे त्या मानाने निवांत, आणि किल्ले इतके जवळजवळ की तीन दिवसात सहा होतात. पण सहाच करा, आठ नको.

तर पहिलं काम वेळापत्रक. बरेच किल्ले सोमवारी बंद, काही मंगळवारीही, दुपारी साधारण साडेबारा ते तीन सुट्टी, आणि शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या अर्धा-एक तास आधी. हिवाळ्यात काही ठिकाणी फक्त शनिवार-रविवार उघडतात. कास्तेल्ली देल दुकातो म्हणून या भागातल्या किल्ल्यांचं एक मंडळ आहे, त्यांच्या साइटवर सगळ्यांच्या वेळा एका जागी मिळतात, पण तरी आदल्या दिवशी त्या त्या किल्ल्याला फोन किंवा मेल कराच, कारण गावात कुणाचं लग्न असलं की त्या दिवशी किल्ला लग्नाचा हॉल होतो. खाजगी किल्ल्यांत, सोरान्यासारख्या, गाइडबरोबरच आत सोडतात आणि गाइड बहुतेक वेळा इटालियनमध्येच बोलतो, इंग्लिश टूर हवी तर आधी विचारून ठेवा. सरकारी ठिकाणं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, ते ऐकून आनंद होतो खरा पण त्या दिवशी अख्खं पार्मा तिथे असतं.

क्रम कसा लावायचा? माझं ऐकाल तर तोर्रेकियारा आधी. पार्मापासून वीसेक किलोमीटर, लांगिरानोच्या अलीकडे, 1448 ते 1460 मध्ये पिएर मारिया रॉस्सी नावाच्या सरदाराने बांधला. आत कामेरा दोरो म्हणजे सोन्याची खोली आहे, भिंतींवरच्या भाजक्या मातीच्या फरशांना एकेकाळी सोन्याचा वर्ख होता म्हणून ते नाव. छताकडे मान वर करून नीट वेळ द्या, कारण तिथे रॉस्सीची प्रेयसी बियांका पेल्लेग्रिनी हातात काठी घेऊन त्याला शोधत त्याच्या एकेका किल्ल्यावरून फिरताना रंगवलीय. पेल्लेग्रिनी म्हणजे यात्रेकरू, आडनावावरूनच चित्र सुचलेलं. दोघंही दुसऱ्यांशी लग्न झालेले, हे आईला मी बाहेर आल्यावर सांगितलं. त्या छतावर त्या काळातले किल्ले, वाड्या, टेकड्या सगळं काढलंय, म्हणजे पंधराव्या शतकातला नकाशाच म्हणा ना, तो बघून मग बाहेर पडलात की पुढचे दोन दिवस डोळे वेगळे होतात. म्हणून आधी.

एक छोटी दुर्बीण घ्या बरं का. छतं उंच, फ्रेस्को म्हणजे गिलाव्यावरची चित्रं वर, आणि मोबाइलचा झूम अंधारात काही कामाचा नाही. फ्लॅश कुठेच मारू देत नाहीत.

दुसरा फोन्तानेल्लातो. हा सपाटीवर, गावाच्या मधोमध, चारी बाजूंनी पाण्याने भरलेला खंदक, आणि खंदकात अजून पाणी आहे हे बघूनच आपण खूश. सानविताले घराण्याचा वाडा. आत एक लहानशी खोली आहे, दहा-पंधरा माणसं गेली की भरते, तिच्यात पार्मिजानिनो या चित्रकाराने साधारण 1524 च्या सुमारास डायना आणि अ‍ॅक्टिऑनची गोष्ट रंगवलीय, पोरगा तेव्हा जेमतेम विशीत होता. देवीला अंघोळ करताना बघितलं म्हणून शिकाऱ्याचं हरीण होतं आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट आधी घरी सांगून ठेवा, तिथे उभ्याने सांगायला वेळ मिळत नाही, गाइड ढकलत असतो. मुलांना त्यापेक्षा बुरुजातली कामेरा ऑत्तिका आवडेल, आरसे लावून बाहेरचा चौक आत पडद्यावर जिवंत दिसतो, माझी लेक तिथे खाली आइस्क्रीम खाणारी माणसं मोजत बसली होती.

तिसरा बार्दी, आणि हाच खरा आपल्या मनातला किल्ला. लालसर खडकाच्या सुळक्यावर, खाली चेनो नदीचं खोरं, तटावरून गस्तीची वाट चालत फिरता येते. पार्मापासून साठेक किलोमीटर पण वळणं अशी की गाडी लागणारे जे आहेत त्यांनी गोळी निघायच्या आधी घ्यायची, पोट भरून बसायचं नाही. इथली दंतकथा म्हणजे सोलेस्ते तटावर उभी राहून आपल्या प्रियकराची, मोरोएल्लोची, वाट बघत होती, लांबून शत्रूच्या रंगांचं सैन्य येताना दिसलं, तो हरला समजून तिने उडी मारली, आणि तो तर जिंकून शत्रूचे झेंडे मिरवत येत होता. त्याचं भूत अजून फिरतं म्हणे. आम्हाला दिसलं नाही, थंडी मात्र वाजली, मे महिन्यात सुद्धा. म्हणून पातळ जॅकेट प्रत्येकाच्या बॅगेत हवंच, दगडी खोल्या बाहेर तीस डिग्री असली तरी गार असतात.

कानोस्साला मात्र अपेक्षा कमी ठेवून जा. पांढऱ्या खडकावर थोडे अवशेष आणि एक छोटं म्युझियम, बस्स. पण 1077 च्या जानेवारीत जर्मन राजा चौथा हेन्री पोप सातव्या ग्रेगरीची माफी मागायला इथेच, अनवाणी, तीन दिवस दारात थांबला होता आणि किल्ल्याची मालकीण होती माटिल्डा. हे माहीत असेल तरच ते दगड बोलतात. समोरच रोस्सेनाचा किल्ला दिसतो, काळपट तांबड्या खडकावर, वेळ असेल तर तिथेही जा. पियाचेन्झाच्या बाजूला कास्तेल्ल आर्क्वातो आणि विगोलेनो ही अख्खी गावंच बघण्यासारखी. चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दाते, बघायची सवय असेल तर आर्क्वातोला तटाच्या चर्या पाकोळीच्या शेपटीसारख्या दुभंगलेल्या दिसतील, त्या सम्राटाच्या पक्षाच्या आणि चौकोनी असल्या तर पोपच्या, असं सांगतात. लगेच पैज लावू नका, नंतरच्या डागडुजीत हव्या तशा लावून दिल्यात कित्येक ठिकाणी.

आता गाडी. रविवारी बस जवळपास नाहीतच, त्यामुळे गाडी लागतेच. भारतातून निघायच्या आधी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, एक वर्ष चालतं, आणि मूळ लायसन्स पण बरोबर ठेवा. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर हवं, नवऱ्याच्या नावाचं कार्ड आणि चालवणार मी, असं केलं की काउंटरवर महाभारत. गाडी लहानातली लहान घ्या, गावातल्या गल्ल्या बघितल्यावर माझे आभार मानाल. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी बुक करा. गाव सोडलं की दिवसा पण हेडलाइट चालू ठेवायचे, नियम आहे. टोलनाक्यावर पिवळ्या टेलिपासच्या (म्हणजे त्यांच्या फास्टॅगच्या) लेनमध्ये शिरायचं नाही. पार्किंगला पांढऱ्या रेषा म्हणजे फुकट, निळ्या म्हणजे पैसे, पिवळ्या म्हणजे तुमच्यासाठी नाही, आणि पांढऱ्यात सुद्धा कधी कधी काचेत वेळेची चकती लावायला लागते, ती गाडीत आहे का बघून घ्या. आणि झेड टी एल! जुन्या गावाच्या आत ठरावीक गाड्यांनाच परवानगी असते, बोर्ड छोटा, कॅमेरा मोठा. आमच्या ओळखीच्या एकांना घरी परतून सात महिने झाल्यावर दंड आला, वर भाड्याच्या गाडीवाल्यांची वेगळी फी. गाडी तटाबाहेर लावा आणि चाला.

खायचं बघा. शाकाहारी असाल तर हा प्रदेश परीक्षा घेतो. तोर्तेल्ली देर्बेत्ता, रिकोत्ता आणि पाल्याचं सारण भरलेले, हा तुमचा आधार. आनोलिनी म्हणजे मांसाच्या सुपातले, ते नाही. तोर्ता फ्रित्ता आपल्या पुरीची बहीण वाटते पण बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत तळतात, विचारा. पार्मेसान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने जमवतात, कडक पाळणाऱ्यांनी हे आधीच ठरवून ठेवावं, टेबलावर वाद नको. हॉटेलांचं किचन अडीचला बंद आणि संध्याकाळी साडेसात-आठच्या आधी उघडत नाही, आणि म्हणूनच बॅगेत खाऊ. भडंग, चिक्की, शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट चालतं, पण खवा, पेढे, तूप घेऊन निघू नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आई तुपाची बरणी काढून ठेवायला तयार नव्हती, तो एअरपोर्टच्या आदल्या रात्रीचा वेगळाच किल्ला होता.

व्हिसाचं थोडक्यात, शेंगेन, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंट लवकर धरा, इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा. एप्रिल ते जून नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर जा. 25 एप्रिल, 1 मे, 2 जून आणि 15 ऑगस्ट या त्यांच्या सुट्ट्या, तेव्हा गर्दी. नोव्हेंबरनंतर सपाटीवर धुकं एवढं की फोन्तानेल्लातोचा खंदकसुद्धा दिसणार नाही.

बाकी बारीकसारीक म्हणजे, बूट चांगल्या ग्रिपचे, कारण चढावर गोटे लावलेले असतात आणि पाऊस पडला की ते साबण होतात. बाबागाडी नको, गोल जिना आला की ती कुणीतरी हातात धरून उभं राहतं आणि ते कुणीतरी नेहमी एकच माणूस असतं. गुडघे दुखणारे बरोबर असतील तर फोन्तानेल्लातो जमेल, बार्दी त्यांना खालच्या गावातून दाखवा, कॅफेत बसवून. सुट्टी नाणी ठेवा. ऑफलाइन मॅप उतरवून घ्या, चेनोच्या खोऱ्यात रेंज जाते. चार्जरचा आपला जाड तीन पिनचा प्लग तिथे बसत नाही, अ‍ॅडॅप्टर घ्या. आणि सपाटीवरचे डास! खंदकाकाठी संध्याकाळी रोमँटिक वगैरे वाटायच्या आत ते येतात, ओडोमॉस चेक-इनच्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत ठेवा, लहान ट्यूब.